कूस बदलण्याचा इतिहास

काल रात्री झोपेत तुम्ही किती वेळा कूस बदललीत? सांगता येणार नाही. मलाही माझे सांगता येणार नाही. पण बदललीत हे नक्की, आणि एकदा-दोनदा नव्हे, चांगली दहा-वीस वेळा. एकाच अंगावर बराच वेळ पडून राहिले की तिथली कातडी आणि खालचे स्नायू कुरकुर करू लागतात. ती कुरकुर मेंदूपर्यंत पोचते आणि आपण जागे न होताच वळतो. हे काम इतके बिनबोभाट चालते की आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

आता अतिदक्षता विभागात, म्हणजे आयसीयूत, पडलेला रुग्ण डोळ्यांसमोर आणा. घशात नळी, नळीला व्हेंटिलेटर, शिरेतून गुंगीचे औषध. शरीर कुरकुर करतेच आहे, पण ऐकणारा मेंदू गुंगीत आहे. अशा वेळी त्याची कूस दुसऱ्या कोणीतरी बदलावी लागते. हे दुसरे कोणीतरी म्हणजे बहुतेक वेळा तिथली सिस्टर, आणि तिच्या मदतीला मावशी किंवा मामा. कूस बदलली गेली नाही तर माकडहाडाशी, टाचेला, खुब्यावर जखम होते. तिला आपण बेडसोअर म्हणतो. मराठीत तिला शय्याव्रण असा शब्द आहे.

ही जखम का होते आणि ती टाळता येते का, हे दोन प्रश्न दिसायला साधे आहेत. पण त्यांची उत्तरे पक्की व्हायला काही शतके गेली, आणि मधल्या काळात मोठमोठे डॉक्टर चुकले. त्याची ही गोष्ट.

जखम होते कशी?

तळहातावर अंगठ्याने जोरात दाबून पाहा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि सोडली की पुन्हा लाल होते. दाबाने तिथल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या चेपल्या जातात आणि रक्त थांबते. १९३० साली यूजीन लँडिस या संशोधकाने नखाच्या कडेच्या अशा केशवाहिन्यांत अतिसूक्ष्म नळी घालून रक्ताचा दाब मोजला. त्यांच्या सुरुवातीच्या टोकाला तो साधारण ३२ मिलिमीटर पारा भरला. दंडावर आपण मोजतो तो वरचा दाब १२० असतो, हे लक्षात घ्या. म्हणजे या वाहिन्या बंद पडायला फार मोठे वजन लागत नाही. पाठीवर निजलेल्या माणसाच्या माकडहाडाखाली याहून जास्त दाब सहज पडतो.

थोडा वेळ रक्त थांबले तर बिघडत नाही. तासन् तास थांबले तर तिथले मांस मरते. नुकसानीची सुरुवात अनेकदा आत, हाडाला चिकटलेल्या स्नायूत होते. कातडीवर दिसतो तो रुपयाएवढा काळा डाग, आणि खाली मूठ मावेल एवढी पोकळी. म्हणूनच नातेवाईक म्हणतात, ‘‘कालपर्यंत तर काहीच नव्हतं!’’ त्यांचे खोटे नसते. ते फक्त दिसत नव्हते.

मार्क्वीची गादी

१५६९ साली फ्रान्सच्या राजाने आपला शल्यवैद्य आम्ब्रोआज पारे याला आजच्या बेल्जियममधल्या मोन्स गावाजवळच्या एका वाड्यावर धाडले. तिथे मार्क्वी दोरे नावाचा उमराव गुडघ्याजवळ गोळी लागून सुमारे सात महिने अंथरुणाला खिळला होता. मांडीत पू, अंगात ताप, डोळे खोल गेलेले. पाठीखाली तळहाताएवढी जखम. हलवले की असह्य वेदना होत, म्हणून कोणी त्याला हातच लावत नव्हते. दोन महिने अंथरुणाची चादरही बदललेली नव्हती.

पारेने मांडीतला पू काढला, हे त्याच्या पेशाला धरूनच झाले. पण त्यापुढे त्याने जे केले ते वाचून आजही कौतुक वाटते. जखमेचे कारण त्याने सरळ लिहिले: न हलता खूप दिवस त्याच अंगावर पडून राहणे. मग त्याने रुग्णाला दुसऱ्या मऊ बिछान्यावर हलवले, अंगावर स्वच्छ सदरा चढवला, खाली स्वच्छ चादर घातली आणि जखमेवर भार येऊ नये अशी पिसांची छोटी उशी लावून दिली. चांगले खायला घातले. झोप लागावी म्हणून उंचावरून भांड्यात पाण्याची धार सोडून पावसाचा आवाजसुद्धा करवला! काही आठवड्यांनी मार्क्वी कुबड्यांवर उभा राहू लागला.

भार काढा, स्वच्छ ठेवा, खायला द्या, झोपू द्या. साडेचारशे वर्षांपूर्वीची ही यादी आजच्या आयसीयूतही चालते. मग अडले कुठे?

एका मोठ्या डॉक्टरची चूक

अडले ते एकोणिसाव्या शतकात, आणि तेही पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात. झां-मार्तिन शार्को हे आधुनिक मेंदूविज्ञानाचे एक जनक. त्यांनी पाहिले की पक्षाघाताच्या काही रुग्णांना झटक्यानंतर दोन-चार दिवसांतच नितंबावर काळा व्रण पडतो, आणि असे रुग्ण बहुधा दगावतात. त्यांनी त्याला अशुभसूचक व्रण म्हटले. मेंदू किंवा मज्जारज्जू बिघडला की कातडीचे पोषण करणारा मज्जातंतूंचा प्रभाव जातो आणि कातडी आपोआप मरते, असा त्यांचा सिद्धांत होता.

निरीक्षण अचूक होते, पण अर्थ चुकला. त्याआधीच, १८५३ च्या सुमारास, ब्राउन-सेकार या शास्त्रज्ञाने दाखवून दिले होते की मज्जारज्जू कापलेल्या गिनीपिगलाही नीट कोरडे ठेवले, लघवीत पडू दिले नाही आणि अंगावर दाब येऊ दिला नाही, तर व्रण होत नाहीत. पण शार्को यांचे नाव मोठे होते. व्रण हा रोगाचाच भाग ठरला की त्याबद्दल काही करायचे उरत नाही. डॉक्टर मान हलवतो, नातेवाईक नशिबाला दोष देतात आणि रुग्ण तिथेच पडून राहतो.

याच सुमारास इंग्लंडमध्ये फ्लोरेन्स नाइटिंगेल नेमके उलट सांगत होत्या. क्रिमियन युद्धातले जखमी सैनिक त्यांनी हजारांच्या संख्येने पाहिले होते. १८५९ साली लिहून झालेल्या शुश्रूषेवरच्या आपल्या छोट्या पुस्तकात त्यांनी म्हटले की रुग्णाला शय्याव्रण झाला तर तो दोष सहसा आजाराचा नसतो, शुश्रूषेचा असतो. आज हे वाक्य परिचारिकांना टोचते, आणि ते का टोचते याकडे मी पुढे येणार आहे. पण त्या काळात या विधानात मोठी आशा होती. दोष शुश्रूषेचा असेल तर तो दुरुस्त करता येतो. आजाराचा असता तर हात जोडून बसावे लागले असते.

दर दोन तासांनी

पहिल्या महायुद्धात मज्जारज्जूला इजा झालेल्या सैनिकांपैकी साधारण ८० टक्के मरण पावले असे सांगितले जाते. बंदुकीच्या गोळीने नव्हे. ते गेले पाठीच्या जखमांतून आणि लघवीच्या मार्गातून पसरलेल्या जंतुसंसर्गाने. अशा रुग्णांना शेवटपर्यंत सांभाळायचे, एवढेच काम असते असे सगळे धरून चालत.

१ फेब्रुवारी १९४४ रोजी इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल येथे अशा सैनिकांसाठी खास विभाग उघडला. प्रमुख होते डॉ. लुडविग गुटमन, नाझी जर्मनीतून पाच वर्षांपूर्वी जीव वाचवून आलेले ज्यू मेंदूतज्ज्ञ. तिथे येणारे काही सैनिक कमरेपासून प्लास्टरमध्ये बांधलेले असत आणि प्लास्टरखाली जखमा सडत असत. गुटमन यांनी प्लास्टर काढून टाकले, उशा रचल्या आणि एक हुकूम सोडला: प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. चुकवायचे नाही.

परिचारिकांनी आणि त्यांच्या मदतनीसांनी तो हुकूम पाळला. जखमा भरू लागल्या, नव्या होईनात, आणि मरायला आलेली माणसे जगू लागली. मग प्रश्न पडला की ही तरुण मुले आता करणार काय? २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झाले त्याच दिवशी, गुटमन यांनी रुग्णालयाच्या हिरवळीवर १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा घेतली. त्यातूनच पुढे पॅरालिंपिक उभे राहिले. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली अधू झाले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर पोहण्यात भारताला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. त्या पदकाच्या मागे मागे जात राहिलो तर आपण स्टोक मँडेव्हिलच्या एका वॉर्डात, रात्री दोन वाजता कोणाची तरी कूस बदलणाऱ्या हातांपाशी पोचतो.

एका नर्सची मोजपट्टी

१९५९ आणि १९६१ साली मायकेल कोसिअॅक या डॉक्टरने प्राण्यांवर प्रयोग करून दाबाचे गणित मांडले. जास्त दाब थोडा वेळ किंवा कमी दाब जास्त वेळ, नुकसान सारखेच. पण तोच दाब दर पाच मिनिटांनी काढून घेतला तर मांसाला फारशी इजा होत नाही. आज रुग्णालयात जी फुगणारी-बसणारी एअर बेडची गादी मिळते, तिच्यामागे हेच तत्त्व आहे.

१९६२ साली डोरीन नॉर्टन या इंग्रज परिचारिकेने आपल्या सहकाऱ्यांबरोबर वृद्ध रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वॉर्डात तोवर पाठीला स्पिरिट, साबण, पावडर, मलमे चोळायचा रिवाज होता. आपल्याकडेही तो होता आणि काही ठिकाणी अजून आहे. नॉर्टन यांना आढळले की चोळण्याने जखम टळत नाही, भार हलवल्याने टळते. शिवाय त्यांनी पाच प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली: प्रकृती कशी आहे, शुद्ध कशी आहे, चालतो का, हलतो का, लघवी-संडासवर ताबा आहे का. २० पैकी १४ किंवा कमी गुण मिळाले की रुग्ण धोक्यात. पुढे १९८७ साली बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या अमेरिकन परिचारिकांची सहा निकषांची मोजपट्टी आली. ओलावा, आहार आणि कातडी घासली जाणे हे मुद्दे त्यात आले. आज तुमचा माणूस आयसीयूत दाखल झाला की सिस्टर जो तक्ता भरते, तो बहुधा यापैकीच एक असतो.

यात एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तोवर जखम झाल्यावर डॉक्टर धावायचे. जखम होण्याआधी कोणाला होईल हे कागदावर मांडायचे काम परिचारिकांनी केले.

आयसीयूत काय वेगळे?

आयसीयूचा जन्मही एका साथीतून झाला. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या मुलांना डॉ. ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्याला छिद्र पाडून पिशवीने श्वास द्यायला सुरुवात केली. सुमारे १५०० विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने त्या पिशव्या हाताने दाबल्या. पुढच्याच वर्षी इब्सेन यांनी गंभीर रुग्णांसाठी वेगळा विभाग उघडला. पूर्वी जे वाचत नसत ते वाचू लागले, आणि त्याबरोबर एक नवा रुग्ण जन्माला आला: आठवडेच्या आठवडे जिवंत, पण निश्चल.

या रुग्णाची कातडी सगळीकडून कोंडीत सापडते. रक्तदाब टिकवायची औषधे कातडीकडचे रक्त आत ओढून घेतात. अंगावर सूज असते. फुफ्फुसात जंतू जाऊ नयेत म्हणून डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंशांनी वर ठेवतात, तर रुग्ण खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ताणली जाते. वर नळ्या: ओठाच्या कोपऱ्यात श्वासनळी, नाकावर मास्क, मांडीखाली लघवीची नळी. यापैकी प्रत्येक वस्तू जखम करू शकते. आणि कूस बदलायची तर कधी रक्तदाब कोसळतो, कधी नळी निसटायची भीती असते. म्हणून तिथली अनुभवी सिस्टर रुग्णाला एकदम वळवत नाही. आधी मॉनिटर पाहते, नळ्या सैल करते, मग पाठीशी उशी देऊन ३० अंशच कलवते. तेही सोसत नसेल तर टाच उचलते, डोके थोडे हलवते, खांद्याखाली घडी सरकवते. दोन तास हे वेदवाक्य नाही. चांगली गादी असेल तर अंतर वाढवता येते, कातडी नाजूक असेल तर कमी करावे लागते. हे रोज पाहून ठरवावे लागते आणि पाहते तीच.

मी शिकाऊ डॉक्टर असताना आमच्या आयसीयूत एक तिशीतला रुग्ण होता. गियाँ-बारे या आजाराने त्याचे हातपाय आणि श्वास लुळे पडले होते, पण शुद्ध पूर्ण होती आणि संवेदनाही बऱ्याच शाबूत होत्या. मी रोज केस पेपरवर ‘दर दोन तासांनी कूस बदलणे’ असे लिहून सही करत असे. त्या आठवड्यात रात्रपाळीला आठ रुग्णांमागे दोनच सिस्टर होत्या. एका सकाळी त्याच्या माकडहाडाशी जांभळा डाग दिसला. मी चिडून विचारले, ‘‘सिस्टर, पोझिशन बदलली नव्हती का?’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, रात्री तुम्ही दोनदा आला होतात. एकदा तरी माझ्याबरोबर उचलू लागला असतात तर बदलली असती.’’

तो रुग्ण पाच आठवड्यांत व्हेंटिलेटरवरून सुटला. पाठीची जखम भरायला त्यानंतर सात महिने लागले. बोलता येऊ लागल्यावर त्याने सांगितलेली पहिली तक्रार पाठीची होती. ती आग त्याला सगळे दिवस जाणवत होती, फक्त सांगता येत नव्हती. त्यानंतर मी सही करून निघून जायचे सोडले.

दोष कोणाचा?

आता नाइटिंगेल यांच्या विधानाकडे परत येऊ. २००८ पासून अमेरिकेच्या सरकारी विमा योजनेने रुग्णालयात झालेल्या खोल शय्याव्रणांसाठी जादा पैसे द्यायचे बंद केले. रुग्णालये खडबडून जागी झाली हे चांगले झाले. पण जखम दिसली की सिस्टरकडे बोट दाखवायचे, ही सवयही बळावली. २०१० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या मंडळाने स्पष्ट केले की बहुतेक शय्याव्रण टाळता येतात, पण सगळे नाही. रक्तदाब तळाला गेलेला, हलवताच जीव जाईल अशा अवस्थेतला रुग्ण असेल तर सगळे करूनही जखम होऊ शकते.

कोविडच्या काळात हे आपण सर्वांनी पाहिले. फुफ्फुसे वाचवण्यासाठी रुग्णाला १६ तास आणि त्याहून जास्त पालथे ठेवावे लागे. एका रुग्णाला पालथे करायला पाच-सहा माणसे लागत. जीव वाचले, पण काहींच्या गालावर, हनुवटीवर, कपाळावर जखमा राहिल्या. आणि पीपीई किटमध्ये तासन् तास उभ्या असलेल्या सिस्टरांच्या स्वतःच्या नाकावर मास्कने व्रण पडले होते. तोही दाबाचाच व्रण.

दोष आजाराचा की शुश्रूषेचा, या प्रश्नात म्हणून एक तिसरा प्रश्न दडलेला आहे: शुश्रूषेला पुरेसे हात दिले होते का? व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक सिस्टर असावी असे मानले जाते. महागडी गादी विकत घेता येते, पण वळवणारे हात कमी असतील तर ती गादी पुरी पडत नाही.

तुम्ही काय करू शकता?

तुमचा माणूस आयसीयूत असेल तर सिस्टरला विचारा, ‘‘त्यांची कातडी कशी आहे? धोका किती आहे?’’ हा प्रश्न विचारल्याने कोणी रागावत नाही, उलट बरे वाटते. त्यांना आधीपासून जखम, मधुमेह किंवा लघवीवर ताबा नसणे असे काही असेल तर दाखल करतानाच सांगा.

घरी अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर मोबाइलवर दर दोन तासांचा गजर लावा. पूर्ण कुशीवर न घालता पाठीशी उशी देऊन कलते ठेवा. पोटरीखाली उशी देऊन टाचा अधांतरी ठेवा. ओढून सरकवू नका, चादरीसकट उचला. रोज आंघोळ घालताना पाठ, खुबे, टाचा उजेडात पाहा. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसत नाही. तिथे रंगातला फरक, ऊब, टणकपणा किंवा दुखणे शोधा. दाबूनही रंग बदलत नसेल तर ती पहिली पायरी समजा आणि डॉक्टरांना दाखवा. तिथे चोळू नका. भोकाची गोल गादी किंवा पाणी भरलेले हातमोजे लावू नका. त्यांनी दाब नाहीसा होत नाही, फक्त सरकतो. आणि डाळ, अंडी, दूध जे चालेल ते पोटात जाऊ द्या. कातडीला बांधायला प्रथिने लागतात.

आज रात्री दोनच्या सुमारास तुम्ही नकळत कूस बदलाल. त्याच वेळी कुठल्यातरी आयसीयूत एक सिस्टर आणि एक मावशी ‘एक, दोन, तीन’ म्हणून कोणाला तरी अलगद वळवत असतील. तो रुग्ण सकाळी त्याबद्दल काही बोलणार नाही. तुम्ही भेटायला गेलात तर त्याच्या वतीने दोन शब्द बोला.